असन्निधानातील धैर्य : आचार्य श्रीनागदेव

ज्याच्या डोळ्यांस पाणी येत नाही तो धीर पुरुष, अशी एक समजूत लोकांत रूढ आहे. आपल्या मार्गाचे आद्य आचार्य श्रीनागदेव, ज्यांस आपण भटोबास म्हणतो, यांचे चरित्र जो बारकाईने पाहील त्याला ही समजूत सोडून द्यावी लागेल.

नागदेवांचा मूळ स्वभाव शांत नव्हता. शस्त्र बाळगावे, कोणाची भीड धरू नये, प्रसंगी वाटमारीही करावी, असे त्यांचे पूर्वायुष्य परंपरा सांगते. आई आबाइसा, बहीण उमाइसा आणि चुलत बहीण महादाइसा या घरच्या स्त्रियांचा ओढा मात्र परमार्थाकडे. महादाइसा प्रथम दादोसांच्या शिष्या होत्या. त्या संबंधातूनच हे कुटुंब सर्वज्ञ श्रीचक्रधरप्रभूंच्या सन्निधानी आले आणि नागदेवांचा दांडगेपणा तेथे ओसरला. ओसरला म्हणण्यापेक्षा त्याने दिशा बदलली, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. कारण पुढील आयुष्यात त्यांनी जो निग्रह दाखविला तो मवाळ माणसाचा नाही.

सर्वज्ञांच्या उत्तरापंथे गमनाविषयी अभ्यासकांत शके ११९४ व शके ११९६ अशी दोन मते आहेत. वर्ष कोणतेही धरले तरी त्या दिवसाने मंडळीवर कोसळलेले संकट तेच. ज्यांनी घरदार सोडले ते ज्यांच्यासाठी सोडले तेच आता दृष्टीआड झाले. बाइसांना तो वियोग सोसला नाही. थोड्याच काळात त्यांनी देह ठेवला. नागदेवही दुःखाने व्याकूळ झाले. स्मृतिस्थळाने ही गोष्ट लपविलेली नाही, आणि लपविण्यासारखे तीत काही नाही. ज्ञानी पुरुषाने शोक करू नये असे जे निरूपणात सहज बोलून जातात, त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की ज्याला वियोग जाणवलाच नाही त्याला सन्निधानाचे मोल तरी कितपत कळले होते, हा प्रश्न उरतोच. बाइसांचे प्रेम थोर आणि नागदेवांचे उणे, असाही हिशोब येथे मांडू नये. एकाने देह ठेवला, दुसऱ्याने आज्ञा उचलली.

ती आज्ञा रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहण्याची होती. तेथील वास सोपा नव्हता. प्रभूंची लीला लोकव्यवहारात न बसणारी. गावचे लोक त्यांना वेडेही म्हणत आणि मायबापही म्हणत. केव्हा हसतील, केव्हा रागावतील याचा ठाव कोणास लागत नसे. अशा सेवेत नागदेवांनी सुमारे बारा-चौदा वर्षे काढली. स्वतःचे मन स्थिर होण्याची वाट पाहून मग सेवेस लागू, असे त्यांनी म्हटले नाही. सेवा करता करताच मन ठिकाणावर आले. अटन, विजन, भिक्षा, स्मरण हा आपला नित्यविधी याच दृष्टीने समजून घेतला पाहिजे. तो स्थिर झालेल्यांसाठी जितका, त्याहून अधिक अस्थिर झालेल्यांसाठी आहे.

याच काळात म्हाइंभटांनी सर्वज्ञांच्या लीळा एकत्र करण्याचे कार्य हाती घेतले. मोठे शास्त्री, पूर्वी विद्येचा अभिमान वाहिलेले. परंतु आता प्रत्यक्ष पाहणाऱ्याच्या दारी जाऊन एकेक प्रसंग विचारीत होते. रिद्धपुरी वाजेश्वरीच्या स्थानी बसून त्यांनी नागदेवांकडून लीळा ऐकल्या आणि शोधून घेतल्या. जे आठवताना हृदय फाटावे तेच पुन्हा पुन्हा आठवायचे, तेही भावनेच्या भरात एक शब्द न वाढविता! लीळाचरित्रातील साधी, कोरडी वाटणारी वाक्ये वाचताना या संयमाकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

श्रीगोविंदप्रभूंच्या प्रयाणानंतर दुसरा वियोग आला. या वेळी अवघ्या मंडळीचा भार नागदेवांवर होता. केशोबास, पंडित दामोदर यांच्यासारखे विद्वान मार्गात आले होते. संस्कृतात ग्रंथरचना व्हावी अशी केशोबासांची इच्छा होती. पंडितांना दुखविणे संघास परवडणारे नव्हते. तरी नागदेवांनी ती मोडली. संस्कृत आले तर आपल्या म्हाताऱ्या, अक्षरशत्रू बायाबापड्या ज्ञानाला मुकतील, एवढेच त्यांचे कारण. त्यात वाद नाही, आवेश नाही. केशोबासांनीही ते मानले, आणि सूत्रपाठ व दृष्टान्तपाठ मराठीत सिद्ध झाले.

इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी देवगिरीवर आली. ज्या राज्यात ही मंडळी निर्धास्त भिक्षा मागत हिंडली त्या राज्याचा पाया हलला. नागदेव तेव्हा वृद्ध झाले होते. शके १२२४ च्या सुमारास त्यांनी देह ठेवला असे परंपरा मानते. त्यांच्यामागे बाइदेवबास आचार्य झाले. पुढे खालशाच्या धाडीत लीळाचरित्राची मूळ प्रत नाहीशी झाली, तेव्हा ज्यांनी लीळा मुखोद्गत केल्या होत्या त्यांच्याकडून ती पुन्हा लिहून काढावी लागली. त्यांपैकी एक पाठ हिराइसांच्या नावाने आजही ओळखला जातो.