कोळशाच्या खाणीतून इतिहासाकडे : डॉ. कार्टर वुडसन

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत आज कृष्णवर्णीयांचा इतिहास व संस्कृती हा पदवीचा मुख्य विषय म्हणून शिकता येतो. हे दान विद्यापीठांनी आपणहून दिलेले नाही. या विषयाची पायाभरणी विद्यापीठांच्या बाहेर, लोकांच्या छोट्या छोट्या वर्गणीवर झाली आणि ती करण्यात डॉ. कार्टर वुडसन यांनी आपले अवघे आयुष्य वेचले.

वुडसन यांचा जन्म १९ डिसेंबर १८७५ रोजी व्हर्जिनिया राज्यातील न्यू कँटन येथे झाला. आई-वडील दोघेही पूर्वाश्रमीचे गुलाम. वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हते. गावची शाळा वर्षातून जेमतेम चार महिने भरे. तेथे त्यांचे दोन मामा शिक्षक होते. उरलेले दिवस शेतीच्या कामात जात. पुढे ते वेस्ट व्हर्जिनियातील कोळशाच्या खाणीत मजुरी करू लागले. ऑलिव्हर जोन्स नावाच्या सहकारी कामगाराच्या घरी संध्याकाळी कृष्णवर्णीय खाणकामगार जमत. जोन्स निरक्षर होते, पण त्यांनी आपल्या समाजाविषयीची पुस्तके जमवली होती. तरुण कार्टर ती पुस्तके आणि वर्तमानपत्रे सर्वांना वाचून दाखवीत. निरक्षर माणसांनाही स्वतःचा इतिहास असतो आणि तो त्यांच्या आठवणींत जिवंत असतो, हा धडा त्यांना या बैठकींत मिळाला.

वयाच्या विसाव्या वर्षी त्यांनी हंटिंग्टनच्या डग्लस हायस्कूलमध्ये प्रवेश घेतला आणि दोन वर्षांत ते उत्तीर्ण झाले. पुढे त्याच शाळेचे ते मुख्याध्यापक झाले. १९०३ मध्ये केंटकीच्या बेरिया कॉलेजची पदवी त्यांना मिळाली. कृष्णवर्णीय आणि गोरे विद्यार्थी तेथे एकत्र शिकत. पुढच्याच वर्षी राज्याने कायदा करून असे सहशिक्षण बंद पाडले. फिलिपाइन्समध्ये काही वर्षे अध्यापन केल्यानंतर त्यांनी १९०८ मध्ये शिकागो विद्यापीठाची एम.ए. आणि १९१२ मध्ये हार्वर्डची पीएच.डी. मिळवली. हार्वर्डची पीएच.डी. मिळवणारे ते दुसरे कृष्णवर्णीय अमेरिकन. पहिले डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस, ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले होते.

निग्रोंना इतिहासच नाही, अशी भूमिका हार्वर्डच्या एका प्राध्यापकांनी त्यांच्यासमोर मांडली होती, असे सांगितले जाते. वुडसन यांनी तिला आयुष्यभराच्या कामाने उत्तर दिले. ९ सप्टेंबर १९१५ रोजी शिकागो येथे मोजक्या सहकाऱ्यांसह त्यांनी ‘असोसिएशन फॉर द स्टडी ऑफ निग्रो लाइफ अँड हिस्टरी’ ही संस्था स्थापन केली. जानेवारी १९१६ मध्ये संस्थेचे संशोधन-नियतकालिक निघाले. पहिल्या अंकाच्या खर्चासाठी त्यांनी आपल्या आयुर्विम्यावर कर्ज काढले. मोठे प्रकाशक असली पुस्तके छापण्यास उत्सुक नव्हते, म्हणून १९२१ मध्ये त्यांनी स्वतःची प्रकाशनसंस्था उभारली. ते अविवाहित राहिले. वॉशिंग्टनच्या नवव्या रस्त्यावरील घरातच संस्थेचे कार्यालय होते आणि तेथेच त्यांचे बिऱ्हाडही.

संशोधन विद्वानांपुरते राहिले तर समाज जागा होत नाही, हे ते ओळखून होते. लिंकन आणि फ्रेडरिक डग्लस यांच्या जयंत्या लोक फेब्रुवारीत साजऱ्या करीतच होते. त्यांना धरून १९२६ मध्ये वुडसन यांनी इतिहास-सप्ताह सुरू केला. मात्र केवळ दोन थोर पुरुषांचा गौरव त्यांना अपेक्षित नव्हता. साऱ्या समाजाच्या कर्तृत्वाचा अभ्यास व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी ते शाळांना चित्रे, पाठ आणि नाटुकल्या पुरवीत. १९३३ च्या ‘द मिस-एज्युकेशन ऑफ द निग्रो’ या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले, की जे शिक्षण विद्यार्थ्याला स्वतःच्या समाजाची लाज वाटायला शिकवते, ते त्याला बेड्यांवाचूनही गुलाम ठेवते.

श्रीमंत प्रतिष्ठानांनी सुरुवातीला मदत केली. संस्था एखाद्या महाविद्यालयाला जोडावी, अशी अपेक्षा पुढे आली, तेव्हा स्वायत्तता जाईल म्हणून वुडसन यांनी ती नाकारली. मोठ्या देणग्या आटल्या. मग शिक्षक, चर्च, महिला मंडळे आणि सामान्य माणसे यांच्या वर्गणीवर संस्था तगली.

३ एप्रिल १९५० रोजी त्याच घरात त्यांचे निधन झाले. विद्यापीठांची दारे त्यानंतरही लगेच उघडली नाहीत. १९६८ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी संप पुकारला. तो जवळपास पाच महिने चालला आणि त्यातून तेथे कृष्णवर्णीय अध्ययनाचा विभाग आकाराला आला. मग इतरत्रही असे विभाग निघाले. १९७६ मध्ये सप्ताहाचा महिना झाला आणि राष्ट्राध्यक्षांनी त्याला मान्यता दिली.

विद्यापीठांनी या विषयाची पदवी द्यायला सुरुवात केली, त्याच्या चाळीस वर्षे आधीपासून हा विषय गरीब वस्त्यांतील शाळांच्या फळ्यावर लिहिला जात होता. तो लिहिणाऱ्या शिक्षकांच्या हाती साधने देणारा माणूस एके काळचा खाणकामगार होता, याचे स्मरण आपल्या माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी अवश्य ठेवावे.