शाहू छत्रपति आणि खासबागेचें मैदान

शिवाजी पार्कवर सायंकाळीं फिरावयास जाणाऱ्या आमच्या वाचकांना समर्थ व्यायाम मंदिरांतील मल्लखांब परिचित आहे. मल्लखांब म्हणजे मल्लाचा, पहिलवानाचा खांब. तेथून जवळच असलेल्या परळ-लालबागेंत गिरणीच्या कामासाठीं घांटावरून जे लोक आले, त्यांनीं आपल्या वळकटीबरोबर तालमीची हौसहि आणली. ही हौस ज्या कोल्हापुरांत विशेष वाढली, तेथील राजाचें चरित्र आम्ही आज विद्यार्थ्यांपुढें ठेवीत आहों.

शाहू महाराजांचा जन्म ता. २६ जून १८७४ रोजीं कागलच्या घाटगे घराण्यांत झाला. त्यांचें मूळचें नांव यशवंतराव. कोल्हापूरचे चवथे शिवाजी महाराज निधन पावल्यावर राणीसाहेब आनंदीबाई ह्यांनीं १८८४ सालीं ह्या नऊ वर्षांच्या मुलास दत्तक घेतलें. राजकोट व धारवाड येथें शिक्षण होऊन ता. २ एप्रिल १८९४ रोजीं राज्याचीं सूत्रें त्यांच्या हातीं आलीं. शरीर धिप्पाड, मेहनतीची आवड लहानपणापासूनची, आणि मातींत उतरून कुस्ती धरण्यांत त्यांना राजेपण आड येत नसे. त्यांनीं तालमींना सढळ हातानें मदत केली व पंजाबांतील नामांकित मल्लांना आपल्या नगरीचें दार उघडें ठेविलें.

१९०२ सालीं सातवे एडवर्ड बादशहा यांच्या राज्यारोहणासाठीं महाराज विलायतेस गेले. त्या प्रवासांत रोम शहरांतील पुरातन वर्तुळाकार क्रीडागृह त्यांच्या पाहण्यांत आलें. तेथें एके काळीं गुलामांना व कैद्यांना लोकांच्या करमणुकीसाठीं मरेपर्यंत झुंजवीत असत. महाराजांनीं त्या वास्तूची आकृति तेवढी घेतली, तिच्यांतील क्रौर्य घेतलें नाहीं. कोल्हापुरांत खासबागेच्या जागीं १९०७ मध्यें काम सुरू झालें व १९१२ मध्यें मैदान पुरें झालें. मध्यभागीं तांबड्या मातीचा हौद, आणि त्याच्या सभोंवार चढत जाणारी गोलाकार बैठक, अशी त्याची रचना आहे. सपाट जागेवरील कुस्तींत पुढच्या रांगेंतील माणसासच खेळ दिसतो. मागच्याच्या वांट्यास नुसता आरडाओरडा येतो. खासबागेंत शेवटच्या रांगेंतील शेतकऱ्यासहि डाव स्पष्ट दिसूं लागला. हजारों डोळे चहूंकडून पाहत असतां लबाडी लपविणें कठीण, हाहि त्या रचनेचा एक गुणच होय.

ह्या मैदानावरील पहिली मोठी कुस्ती इमामबक्ष व गुलाम मोहिद्दीन यांची झाली. इमामबक्ष हा जगप्रसिद्ध गामा पहिलवानाचा धाकटा भाऊ. दोघे भाऊ १९१० सालीं लंडनला गेले होते. तेथें ता. १० सप्टेंबर रोजीं पोलंडचा बलाढ्य मल्ल झ्बिस्को गामापुढें अडीच तास बहुतेक पालथा पडून राहिला आणि कुस्ती बरोबरींत सुटली. ता. १७ रोजीं पुन्हां लढत ठरली, तेव्हां झ्बिस्को आलाच नाहीं, व विजयाचा पट्टा गामास मिळाला. पुढें १९२८ मध्यें पतियाळा येथें गामानें त्याला एका मिनिटाच्या आंत चीत केलें.

ह्या दोन कुस्त्यांच्या मधल्या काळांत पश्चिमेकडे निराळाच प्रकार रूढ झाला होता. अमेरिकेंतील धंदेवाईक कुस्तीचे चालक जय कोणाचा व पराजय कोणाचा हें आधींच ठरवूं लागले. १९२५ सालीं फिलाडेल्फिया येथें मन नांवाच्या फुटबॉलपटूपुढें झ्बिस्कोनें हार खावी, असें ठरलें होतें. परंतु प्रतिस्पर्धी चालकांशीं आंतून संधान बांधून झ्बिस्कोनें त्या दिवशीं खरीच कुस्ती केली व मनला पाठीवर पाडलें. जेथें खरी कुस्ती हीच दगलबाजी ठरते, तेथें खेळ संपून नुसता तमाशा उरतो. हा तमाशा पुढें मुंबईसहि आला. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग व किंगकाँग यांच्या फ्री-स्टाइल कुस्त्यांना गर्दी लोटत असे, हें वडील मंडळींच्या स्मरणांत असेल.

महाराजांची प्रत्येक हौस निर्दोष होती, असें आम्ही म्हणत नाहीं. हत्तीला चिडवून त्याच्यापुढें धांवण्याचा साठमारीचा खेळ त्यांना प्रिय असे. तो आजच्या मनास रुचणार नाहीं. शिवाय मल्लाचा खुराक राजाच्या मर्जीवर अवलंबून असणें हीहि एक उणीवच होती. १९४९ सालीं संस्थान विलीन झालें, तेव्हां तो राजाश्रयहि सरला. तथापि लाविलेलें झाड वाळलें नाहीं. साताऱ्याकडील गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत शिकले. १९४८ मध्यें कोल्हापूर दरबारच्या मदतीनें ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. १९५२ मध्यें प्राचार्य खर्डेकरांनीं आपलें घर गहाण टाकून त्यांस पैसे उभे करून दिले, आणि हेलसिंकीहून खाशाबांनीं स्वतंत्र भारताचें पहिलें वैयक्तिक पदक आणलें. राजाच्या जागीं एक शिक्षक उभा राहिला, ही गोष्ट आम्हां शिक्षकांस विशेष अभिमानाची वाटते.

महाराजांचें खरें मोठेपण मात्र केवळ आखाड्यांत शोधूं नये. १९०२ सालींच त्यांनीं आपल्या संस्थानांतील नोकऱ्यांपैकीं निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेविल्या, आणि १९१७ मध्यें प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. आखाड्याचा नियम असा कीं, हौदांत उतरल्यावर कोणाची जात कामास येत नाहीं, कोणाचें घराणें पाठ टेकण्यापासून वांचवीत नाहीं. परंतु हौदांत उतरावयासच मिळालें नाहीं, तर अंगच्या बळाचा उपयोग काय? महाराजांनीं शाळेचें व कचेरीचें दार उघडून तें उतरणें अनेकांस शक्य केलें. खासबागेंत मागच्या रांगेस खेळ दिसावा, आणि राज्यांत मागच्या रांगेस पुढें येतां यावें, ह्या दोन्ही कामांत आम्हांस एकच दृष्टि दिसते.

ता. ६ मे १९२२ रोजीं, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षीं, महाराजांचें देहावसान झालें. तें कोल्हापुरांत नव्हे, तर आपल्या मुंबईंत, गिरगांवानजीकच्या खेतवाडींतील पन्हाळा लॉज ह्या बंगल्यांत. आमच्या मुलांनीं मल्लखांबावर अवश्य चढावें, मातींत अवश्य उतरावें, व शरीर कमवावें. मात्र कमावलेल्या बळानें आपल्यामागें उभ्या असलेल्या मुलासहि वाट करून द्यावी. ह्या चरित्रापासून इतकें घेतलें, तरी पुष्कळ झालें.