रक्त पाहून पळालेला विद्यार्थी

गळीत हंगामात वैराग परिसरातून आमच्या सरकारी रुग्णालयात येणाऱ्यांमध्ये साखर कारखान्यांचे कामगार बरेच असतात. रक्तदाब तपासायला आलेल्या एका टर्बाइन ऑपरेटरने मागे मला सांगितलं, की पाळीवर असताना त्याचं लक्ष सतत एका आकड्याकडे असतं. तो आकडा म्हणजे शाफ्ट लांबीच्या दिशेने किती सरकला, त्याचं माप. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या शाफ्टला वाफ एका बाजूला रेटत असते आणि थ्रस्ट बेअरिंग त्याला जागेवर धरून ठेवतं. बेअरिंग झिजलं, तर मिलिमीटरभर सरकणंही धोक्याचं. फिरती पाती स्थिर भागांना घासली, की यंत्राचा चुरा होतो आणि शेजारी उभ्या माणसाचीही खैर नसते.

हे सरकणं मोजणारा सेन्सर शाफ्टला स्पर्शसुद्धा करत नाही. तो ज्या विद्युतप्रवाहांवर चालतो, त्यांना लेआँ फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाचं नाव आहे. हा फूको डॉक्टर व्हायला निघाला होता, हे मला फार उशिरा कळलं.

फूको १८ सप्टेंबर १८१९ रोजी पॅरिसमध्ये जन्मला. वडील पुस्तक प्रकाशक. ते लवकर गेले. मुलगा अशक्त, त्यामुळे शिक्षण बरंचसं घरीच झालं. हात मात्र कुशल होते. अशा हातांचा मुलगा उत्तम शल्यविशारद होईल असं वाटून तो वैद्यकीय शाखेला गेला, पण रक्त आणि वेदना त्याला पाहवेनात. आमच्याही वर्गात पहिल्या शस्त्रक्रियेला भोवळ येऊन पडलेले होते. आम्ही बहुतेक सरावलो, फूको सरावला नाही. त्याने शिक्षण सोडलं.

त्याला सांभाळून घेतलं ते आल्फ्रेड दोने या डॉक्टरांनी. ट्रायकोमोनास हा रोगजंतू शोधणारे हेच ते दोने. त्यांच्या सूक्ष्मदर्शकाच्या वर्गात फूको सहायक झाला. दोघांनी सूक्ष्मदर्शकातून छायाचित्रं घेतली आणि त्यांवरून १८४५ मध्ये चित्रसंग्रह काढला. त्यात रक्तपेशीही होत्या. रक्ताला भ्यालेल्या माणसाने रक्तपेशींची जगातली पहिल्या काहींपैकी चित्रं टिपली!

त्यानंतर तो प्रकाशाच्या मागे लागला. १८५० मध्ये त्याने वाफेच्या छोट्या टर्बाइनवर आरसा सेकंदाला शेकडो फेरे फिरवला आणि प्रकाश पाण्यात हवेपेक्षा हळू जातो हे सिद्ध केलं. म्हणजे आमच्या ऑपरेटरचं काम थोडंफार त्यानेही केलं होतं. पुढे १८६२ मध्ये त्याने प्रकाशाचा वेग सेकंदाला २,९८,००० किलोमीटर असा मोजला. आजच्या आकड्यापासून तो एक टक्काही दूर नाही.

लोकांना तो ठाऊक आहे तो लंबकामुळे. १८५१ मध्ये पॅरिसच्या पँथिऑनमध्ये त्याने ६७ मीटर लांब तारेला २८ किलोचा गोळा टांगला आणि पृथ्वी फिरते हे लोकांना डोळ्यांनी दाखवलं. तिथे लंबकाच्या झोक्याची दिशा तासाला सुमारे ११ अंश वळते. वैरागला असा लंबक टांगला, तर ती तासाला साडेचार अंशांच्या आसपासच वळेल आणि पूर्ण फेरीला तीन दिवसांहून अधिक लागतील, कारण आपण विषुववृत्ताच्या जवळ.

सेन्सरशी संबंधित प्रयोग १८५५ चा. फूकोने तांब्याची चकती जोरदार विद्युतचुंबकाच्या टोकांमध्ये फिरवली. चुंबक बंद असताना ती सहज फिरे. सुरू करताच कुणी अदृश्य हाताने धरल्यासारखी थबके. तरीही जोर लावून फिरवत राहिलं, तर ती तापे. धातूच्या पोटात विजेचे भोवरे निर्माण होत होते आणि फिरवणाऱ्याचे श्रम उष्णता बनून बाहेर पडत होते. या भोवरी प्रवाहांनाच अभियंते एडी करंट म्हणतात.

विसाव्या शतकात याच परिणामाचं मापन साधन झालं. सेन्सरच्या टोकात तारेचं वेटोळं असतं, त्यातून झपाट्याने दिशा बदलणारा प्रवाह जातो. समोरच्या शाफ्टच्या धातूत भोवरे उठतात आणि वेटोळ्याची ऊर्जा खेचतात. शाफ्ट जितका जवळ, तितकी ओढ जास्त. त्यावरून मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक हालचाल कळते. महत्त्वाच्या यंत्रांवर असे दोन सेन्सर बसवतात आणि बऱ्याचदा दोघांचं एकमत झालं तरच यंत्र आपोआप बंद होतं. एकट्या सेन्सरच्या बिघाडाने कारखाना थांबू नये म्हणून ही सोय. आमच्याकडे मोठ्या शस्त्रक्रियेआधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतात, तसंच.

फूकोच्या स्वतःच्या शरीरात बिघाड सुरू झाला तो १८६७ मध्ये. आधी हात बधिर झाला. मग वाचा अडखळू लागली, दृष्टी गेली, हालचाल थांबली. ज्याचे हात हेच त्याचं भांडवल, त्याचे हातच आधी गेले. ११ फेब्रुवारी १८६८ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तो वारला. लक्षणांवरून आज बहुतेकांना मल्टिपल स्क्लेरोसिसच्या झपाट्याने वाढणाऱ्या प्रकाराची शंका येते. या आजारात मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं आवरण नष्ट होत जातं आणि संदेश मधेच अडतात. आता त्याला आवर घालणारी औषधं आहेत, म्हणून हात-पाय बधिर होणं किंवा एका डोळ्याने अचानक अंधुक दिसणं अंगावर काढू नये, असं मी रुग्णांना सांगतो.

त्याच १८६८ साली, त्याच पॅरिसमध्ये, जाँ-मार्तँ शार्को या डॉक्टरांनी या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन आपल्या व्याख्यानांतून मांडलं.