डॉ. एरिक फॉन विलेब्रांड : रक्तस्रावाचे कूळ शोधणारा वैद्य

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात काय किंवा शहरातील एखाद्या खासगी दवाखान्यात काय, हिरड्यांतून रक्त येते ही तक्रार नवी नाही. बहुतेकांच्या बाबतीत त्याचे कारण दातांवर साचलेले कीटण हेच असते. मात्र रक्त लवकर थांबत नसेल, तर घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का, हे विचारावे लागते. या साध्या प्रश्नाचे मोल वैद्यकविश्वाला पटवून देणाऱ्यांत फिनलंडचे डॉ. एरिक अॅडॉल्फ फॉन विलेब्रांड यांचे नाव अग्रभागी आहे.

१ फेब्रुवारी १८७० रोजी वासा येथे एका अभियंत्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. हेलसिंकी विद्यापीठातून १८९६ मध्ये ते वैद्य झाले. मोठ्या रक्तस्रावानंतर रक्तात होणारे बदल हा त्यांच्या १८९९ च्या प्रबंधाचा विषय होता. पुढे हेलसिंकीच्या डीकनेस रुग्णालयात त्यांनी प्रदीर्घ सेवा केली.

१९२४ मध्ये बाल्टिक समुद्रातील ऑलंड द्वीपसमूहातून पाच वर्षांची एक मुलगी त्यांच्याकडे आली. तिसऱ्या वर्षी ओठाला झालेल्या जखमेतून तिला इतका रक्तस्राव झाला होता की, ती जेमतेम वाचली. तिच्या काही बहिणी रक्तस्रावानेच दगावल्या होत्या. विलेब्रांड केवळ तिच्या उपचारांवर थांबले नाहीत. त्यांनी त्या कुटुंबाची वंशावळ मांडली. ६६ जणांपैकी २३ जणांना हा विकार होता आणि त्यांत १६ स्त्रिया होत्या. नाकातून, हिरड्यांतून आणि मासिक पाळीत होणारा अतिरिक्त रक्तस्राव ही त्याची प्रमुख लक्षणे होती.

हिमोफिलिया प्रामुख्याने पुरुषांत आढळतो. हा विकार मात्र स्त्रियांनाही ग्रासत होता. रक्तबिंबिकांची संख्या पुरेशी असूनही रक्त थांबण्यास विलंब होत होता. हा वेगळाच आनुवंशिक विकार असल्याचे त्यांनी १९२६ मध्ये स्वीडिश भाषेतील लेखात मांडले. ती मुलगी मात्र वयाच्या तेराव्या वर्षी, चौथ्या मासिक पाळीत झालेल्या रक्तस्रावाने मरण पावली. तिला वाचवू शकेल असा उपाय तेव्हा वैद्यकशास्त्राकडे नव्हता.

१९३३ मध्ये निवृत्त झाल्यावरही ते या विषयाकडे परतत राहिले. १२ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांचे निधन झाले. रक्तातील एका प्रथिनाची कमतरता किंवा सदोषता हे या विकाराचे मूळ असल्याचे पुढील संशोधनातून उलगडले. ते प्रथिन आणि तो विकार, दोन्ही आज त्यांच्याच नावाने ओळखले जातात. आनुवंशिक रक्तस्रावी विकारांत हा सर्वाधिक आढळणारा मानला जातो.

अशा रुग्णांपुढे आजही एक दुष्टचक्र उभे राहते. रक्ताच्या भीतीने ते दात घासणे टाळतात. त्यामुळे कीटण साचते, हिरड्या सुजतात आणि रक्त अधिकच वाहते. अखेर दात काढण्याची वेळ आली की धोका वाढतो. मऊ ब्रशने नियमित दात घासणे, वेळीच कीटण काढून घेणे आणि कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी दंतवैद्याने रक्तविकारतज्ज्ञांशी विचारविनिमय करणे, हाच त्यावरचा मार्ग आहे. आज रक्त गोठण्यास साह्य करणारी औषधे उपलब्ध आहेत. मात्र घरातील रक्तस्रावाचा इतिहास रुग्णाने सांगितला आणि वैद्याने विचारला, तरच ती वेळेवर कामी येतात.