गोरिलांची कैवारी डायन फॉसी

आफ्रिका खंडाच्या मध्यभागी विरुंगा नावाच्या ज्वालामुखी पर्वतांची एक रांग आहे. रवांडा, युगांडा आणि काँगो या तीन देशांच्या सीमा तेथे एकमेकींना मिळतात. या डोंगरांवरील थंड, ओल्या आणि धुक्याने वेढलेल्या रानात पहाडी गोरिला राहतात. युगांडातील ब्विंडीचे अरण्य सोडले तर जगात ते दुसरीकडे कोठेही नाहीत. कोणत्याही प्राणिसंग्रहालयात पहाडी गोरिला नाही, म्हणून ते रान गेले तर हा प्राणीही गेलाच म्हणून समजा. आज तो शिल्लक आहे याचे मोठे श्रेय एका एकाकी, हट्टी आणि धाडसी बाईला द्यावे लागते. त्या बाईचे नाव डायन फॉसी.

डायनचा जन्म 16 जानेवारी 1932 रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरी झाला. ती लहान असतानाच आईवडील विभक्त झाले. आईने दुसरे लग्न केले, पण सावत्र वडिलांच्या घरी मुलीला माया मिळाली नाही. तिचा जीव जनावरांत रमे, विशेषतः घोड्यांत. पशुवैद्य व्हावे म्हणून तिने कॉलेजात नाव घातले, परंतु भौतिक आणि रसायन या विषयांनी दगा दिला. मग तिने अपंगांना हाताच्या कामातून बरे करण्याच्या उपचारपद्धतीचे शिक्षण घेतले आणि 1954 साली पदवी मिळवली. केंटकी राज्यातील लुइव्हिल येथे मुलांच्या रुग्णालयात तिला नोकरी लागली. जी मुले बोलत नाहीत, अनोळखी माणसाला बिचकतात, त्यांच्याजवळ धीराने बसून विश्वास मिळवायचा, हे काम ती अनेक वर्षे करीत होती. पुढे रानात हाच गुण तिच्या उपयोगी पडला.

आफ्रिका पाहण्याची ओढ तिला स्वस्थ बसू देईना. 1963 साली कर्ज काढून ती सात आठवड्यांसाठी तिकडे गेली. आदिमानवाचे संशोधक डॉ. लुई लीकी यांची गाठ तिला टांझानियात पडली आणि काँगोच्या डोंगरात पहिल्यांदा गोरिला दिसले. तीन वर्षांनी डॉ. लीकी व्याख्यानासाठी लुइव्हिलला आले. गोरिलांचा दीर्घकाळ अभ्यास करील अशा व्यक्तीच्या ते शोधात होते. डायनबाईंजवळ त्या शास्त्रातली पदवी नव्हती, तरी त्यांनी त्यांचीच निवड केली. घनदाट रानात अपेंडिक्स दुखले तर कोण धावून येणार, तेव्हा ते आधीच काढून टाका, असे त्यांनी सुचवले. बाईंनी खरोखरच शस्त्रक्रिया करून घेतली. नंतर कळले की डॉक्टरसाहेब केवळ त्यांच्या निश्चयाची परीक्षा पाहत होते!

1967 च्या आरंभी काँगोतील काबारा येथे काम सुरू झाले. परंतु त्या देशात यादवी पेटली आणि जुलै महिन्यात सैनिकांनी त्यांना डोंगरावरून खाली आणले. तेथून सुटून त्या सीमा ओलांडून रवांडात आल्या. 24 सप्टेंबर 1967 रोजी कारिसिंबी आणि व्हिसोके या दोन पर्वतांच्या मधल्या खिंडीत, सुमारे 3000 मीटर उंचीवर, त्यांनी आपला तंबू ठोकला. दोन्ही पर्वतांची नावे जोडून ठाण्याचे नाव ठेवले कारिसोके.

गोरिला म्हणजे छाती बडवीत माणसावर धावून येणारा राक्षस, अशी त्या काळी समजूत होती. जॉर्ज शॅलर या शास्त्रज्ञाने 1959–60 मध्ये या समजुतीला पहिला धक्का दिला. फॉसीबाईंनी ती समूळ उपटून टाकली. गोरिलांसमोर त्या उभ्या राहत नसत. हातापायांवर रांगत जायच्या, अंग खाजवायच्या, रानटी पाला चघळायच्या आणि त्यांच्यासारखाच समाधानाचा हुंकार काढायच्या. नाकावरील वळ्यांवरून त्या प्रत्येक गोरिला ओळखू लागल्या. 1970 साली पीनट्स नावाच्या एका नराने आपण होऊन त्यांच्या हाताला हात लावला.

त्यांनी पाहिलेले गोरिलांचे जग आपल्या घरासारखेच होते. पाठीवर रुपेरी केस आलेला प्रौढ नर हा कुटुंबाचा कर्ता. तो पुढे चालतो, भांडणे मिटवतो आणि संकट आले तर सर्वांच्या आधी सामोरा जातो. दिवसभर पाला, काटेरी झाडांचे देठ आणि बांबूचे कोंब खायचे, दुपारी विश्रांती, पोरांची मस्ती आणि संध्याकाळी प्रत्येकाने पानाफांद्यांचे नवे अंथरूण करायचे, असा त्यांचा दिनक्रम. मादीला साधारण चार वर्षांनी एक पिल्लू होते. म्हणून एक मादी मारली गेली, तर ती उणीव भरून यायला फार काळ लागतो.

आणि मारणारे तर रोजच रानात शिरत होते. हरणांसाठी लावलेल्या तारेच्या फासात गोरिलांचे हात अडकत आणि सडत. प्राणिसंग्रहालयांसाठी पिल्ले पकडली जात. पिल्लू घ्यायचे तर त्याला वाचवायला धावणारे सारे कुटुंब कापावे लागे. 1969 साली अशी दोन आजारी पिल्ले, कोको आणि पकर, बाईंच्या हाती आली. बाईंनी त्यांना शुश्रूषा करून जगवले, पण जर्मनीतील कोलोनच्या प्राणिसंग्रहालयाला ती देणे त्या टाळू शकल्या नाहीत. 1978 साली दोघेही तेथेच मेले.

डिजिट नावाचा नर त्यांचा विशेष लाडका होता. एक बोट दुखावलेले होते म्हणून त्याचे ते नाव. 31 डिसेंबर 1977 रोजी चोरट्या शिकाऱ्यांनी भाल्यांनी त्याला ठार केले. तो त्यांना अडवून उभा राहिला आणि तेवढ्या वेळात त्याचे कुटुंब निसटले. शिकाऱ्यांनी त्याचे डोके आणि हात कापून नेले. पुढच्या जुलैत त्याच कुटुंबाचा कर्ता अंकल बर्ट आणि माचो नावाची मादीही मारली गेली. बाईंनी डिजिटच्या नावाने निधी उभारला आणि जगभरातून पैसा येऊ लागला.

यानंतर त्यांच्या स्वभावातला कडवटपणा वाढला. त्या फास तोडत, शिकाऱ्यांची खोपटी जाळत, मुखवटे घालून त्यांना भुताखेतांचे भय दाखवत. पकडलेल्यांना मारहाण झाल्याचे आरोपही झाले. येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रवांडा हा लहान आणि दाट वस्तीचा देश. रानाच्या कडेला बटाटे आणि घेवडा पिकवणाऱ्या शेतकऱ्याजवळ हातभर जमीन होती. कीटकनाशकाच्या फुलांच्या शेतीसाठी सरकारनेच अभयारण्याचा मोठा भाग तोडून दिला होता. ज्याच्या पोरांच्या पोटात अन्न नाही, त्याला गोरिला का जगवायचा हे कोणीतरी समजावून द्यायला हवे होते. ते काम 1979 साली दुसऱ्या संस्थांच्या योजनेने हाती घेतले: शाळांतून शिकवण, पहारा आणि मोजक्या पर्यटकांकडून देशाला उत्पन्न. फॉसीबाईंना पर्यटन मुळीच पसंत नव्हते. माणसांचे रोग गोरिलांना लागतील, अशी त्यांना भीती होती.

1983 साली त्यांचे गोरिलांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्यांचे नाव घरोघर पोहोचले. 1985 च्या डिसेंबरात, नाताळनंतर लगेच, कारिसोके येथील त्यांच्या झोपडीत त्यांचा खून झाला. रवांडाच्या न्यायालयाने 1986 साली एका अमेरिकन संशोधकाला त्याच्या गैरहजेरीत दोषी ठरवले, पण त्याने गुन्हा नाकारला आणि अनेकांना तो निकाल पटला नाही. गोरिलांसाठी त्यांनी स्वतः केलेल्या स्मशानात, डिजिटच्या शेजारी, त्यांना मूठमाती देण्यात आली.

1981 च्या मोजणीत विरुंगात 254 गोरिला होते. 1994 च्या भीषण हत्याकांडाच्या काळात कारिसोकेचे ठाणे उद्ध्वस्त झाले, तरी काम पुन्हा उभे राहिले. 2015–16 च्या मोजणीत विरुंगातील संख्या 604 भरली आणि पुढे ब्विंडी धरून हजारांवर गेली. रवांडात पर्यटनाच्या उत्पन्नाचा काही भाग आता रानाकडेच्या गावांना मिळतो, आणि बाईंची भीतीही खरी ठरली म्हणून पाहुण्यांना तोंडावर पट्टी बांधून दूर उभे राहावे लागते. 2020 साली कोरोनाच्या साथीत तर या भेटी काही काळ बंदच ठेवाव्या लागल्या. म्हणजे बाईंचा पहारा आणि त्यांना नको असलेले पर्यटन, दोन्ही मिळून गोरिला तगले. काँगोच्या बाजूला या रानाचे रक्षण करताना 200 हून अधिक रक्षकांनी आजवर प्राण दिले आहेत, हेही विसरता कामा नये.

वाचक बंधुभगिनींनो, आपल्या मॉरिशसने डोडो पक्षी सतराव्या शतकात गमावला. इथला केस्ट्रेल हा छोटा ससाणा 1974 साली रानात अवघे चार उरले होते. माणसांनी पिंजऱ्यात पिल्ले वाढवून तो वाचवला. पहाडी गोरिलांना तो मार्ग उपलब्ध नाही. त्यांना त्यांच्या डोंगरावरच वाचवावे लागते, रोज फास तोडून आणि रोज मोजणी करून. कारिसोकेच्या नावाने चालणारे संशोधन केंद्र ते काम आजही करीत आहे.