दोन कॉम्प्युटरमध्ये फाइल शेअर होत नाहीये? आधी दादासाहेब फाळके समजून घ्या



गेल्या महिन्यात आमच्या नाशिकच्या घरी बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क कटकट आवाज करायला लागली. आजीचे सगळे फोटो त्यातच होते, दुसरी कॉपी कुठेच नव्हती. मी फोल्डर शेअर केला आणि वायफायवरून माझ्या लॅपटॉपवर घ्यायला गेलो, तर लॅपटॉपला तो कॉम्प्युटर दिसेचना. दोन तास मी दिसेल ती सेटिंग बदलत बसलो. इंजिनिअर असून! शेवटी आठवण झाली ती आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाची.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. फोटोग्राफी केली, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, छापखाना काढला. १९११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि आपल्याकडेही असं करायचंच, हे डोक्यात बसलं. रात्रंदिवस अभ्यास केला. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. बरे झाल्यावर विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये ते लंडनला गेले, काम शिकले आणि कॅमेरा मागवला.

आता महत्त्वाचा भाग. यंत्रं आल्यावर त्यांनी लगेच मोठा चित्रपट सुरू केला नाही. कुंडीत वाटाणा लावला आणि ठरावीक अंतराने एकेक फ्रेम घेत महिनाभर त्याची वाढ टिपली. तयार झाली जेमतेम मिनिटभराची फिल्म. पण तेवढ्यात सगळी साखळी तपासून झाली: कॅमेरा चालतो का, फिल्मला भोकं नीट पडतात का, धुलाई जमते का, पडद्यावर चित्र हलतं का. तीच फिल्म दाखवून भांडवलही उभं राहिलं. फिल्मला भोकं पाडण्यापासून सगळ्या माणसांच्या स्वयंपाकापर्यंत सरस्वतीबाई सगळीकडे होत्या, त्यांनी दागिनेही दिले. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्याच वर्षी फाळके नाशिकला आले आणि पुढचे चित्रपट इथेच बनवू लागले.

मीही वाटाणाच लावला. सगळ्या सेटिंग पूर्ववत केल्या, शेअर केलेल्या फोल्डरमध्ये एक छोटी टेक्स्ट फाइल टाकली आणि एका वेळी एकच गोष्ट तपासली.

१. दोन्ही मशीन एकाच राउटरवर आहेत का? गेस्ट वायफायवर बहुतेक वेळा एकमेकांना दिसत नाहीत.
२. दोन्हीकडे नेटवर्क ‘प्रायव्हेट’ आहे का? ‘पब्लिक’ असेल तर विंडोज मशीन लपवून ठेवतं.
३. नाव दिसत नसेल तर जुन्या मशीनवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग चालवून आयपी पत्ता घ्या. लॅपटॉपवर फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या जागी दोन बॅकस्लॅश देऊन तो टाका.
४. पासवर्ड मागितला तर जुन्या मशीनच्या खात्याचा द्या. पिन चालत नाही.

माझी चूक दुसऱ्या पायरीवर सापडली. नवीन राउटर लावताना मीच घाईत ‘पब्लिक’ राहू दिलं होतं. ते बदललं, छोटी फाइल आली, मग आधी आजीचे फोटो घेतले, बाकीचं नंतर.

फाळक्यांची गोष्ट मात्र इथे संपत नाही. १९१७ चा ‘लंकादहन’ तुफान चालला. नंतर नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. भागीदारांशी पटेना म्हणून ते काशीला गेले, पुन्हा परतले. बोलपट आल्यावर मागे पडले. १९३७ चा ‘गंगावतरण’ शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्येच ते गेले. नव्वदहून जास्त चित्रपट केले, पण त्यातले बहुतेक आज नाहीत. तेव्हाची नायट्रेट फिल्म चटकन पेट घ्यायची, सडायची आणि प्रती मोजक्याच असायच्या. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं एवढीच उरली आहेत. काही अभ्यासक तर तीही १९१७ च्या दुसऱ्या आवृत्तीची मानतात.

त्यांच्याकडे कॉपी करायला आपल्यासारखी सोय नव्हती. आपल्याकडे आहे. आजीचे फोटो आता तीन ठिकाणी आहेत: लॅपटॉप, बाहेरची हार्ड डिस्क आणि मावशीकडचा पेन ड्राइव्ह. तुमच्या घरातला जुना कॉम्प्युटर आज रात्रीच चालू करून बघा. कटकट सुरू व्हायची वाट बघू नका.