एक्सप्लेनर : लोकमान्य टिळक आणि मधुमेह, इन्सुलिन येण्याआधीची गोष्ट

लोकमान्य टिळक म्हटले की रत्नागिरी, पुणे आणि मुंबई आठवते. लातूरचे नाव क्वचितच निघते. पण १८९१ च्या सुमारास टिळकांनी भागीदारीत लातुरात कापसाचा जिनिंग कारखाना काढला होता. डेक्कन एज्युकेशन सोसायटी नुकतीच सोडलेली, वृत्तपत्राचे कर्ज डोक्यावर आणि पोटापाण्यासाठी पुण्यात वकिलीचे क्लास, अशी ती वर्षे. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. रेल्वे यायला अजून वीसेक वर्षे होती, कापूस बैलगाडीनेच यायचा. सरकी वेगळी करणारे यंत्र घेऊन मोगलाईत उतरलेला गणिताचा पदवीधर, हे टिळकांचे रूप आमच्या शाळेच्या पुस्तकात तरी नव्हते.

प्रकृतीच्या बाबतीत ते बेफिकीर नव्हते. डेक्कन कॉलेजात पहिले वर्ष त्यांनी अभ्यासापेक्षा व्यायामाला दिले. तरीही उतारवयात मधुमेहाने गाठलेच.

२२ जुलै १९०८ च्या रात्री राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्याच दिवशी त्यांना ५२ वर्षे पूर्ण होत होती. ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात उन्हाळा भाजून काढणारा आणि त्यात हा आजार. औषध नव्हते. खाण्यावर कडक बंधने घालून घेणे, एवढाच उपाय हाती होता. तो त्यांनी नेटाने पाळला. याच कोठडीत पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहिले. १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाईंच्या निधनाची बातमीही तिथेच कळली. जून १९१४ मध्ये सुटका झाली.

नेमके बिघडते काय?

जठराच्या मागे आडवे पडलेले स्वादुपिंड दोन कामे करते. अन्न पचवणारा रस आतड्यात सोडते आणि इन्सुलिन रक्तात सोडते. रक्तातली साखर वाढली की इन्सुलिन वाढते, घटली की घटते. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचे तर हे फीडबॅक कंट्रोल आहे. इन्सुलिन कमी पडले किंवा शरीर त्याला दाद देईनासे झाले, की मधुमेह होतो. इन्सुलिन थोडेफार तयार होत असेल तर पथ्यावर काही वर्षे निभावता येते. टिळकांनी ती निभावली, यावरून त्यांचा मधुमेह प्रौढपणी होणाऱ्या प्रकारातला असावा, असा अंदाज बांधता येतो.

शेजारच्या पित्ताशयाचाही इथे संबंध येतो. पित्ताशयातला खडा सरकून नळीत अडकला तर स्वादुपिंडाला सूज येते. ही सूज वारंवार आली तर इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मरतात आणि त्यातूनही मधुमेह होऊ शकतो. पोटाच्या वरच्या भागात उठून पाठीत जाणारी तीव्र कळ आणि उलट्या हे ‘ॲसिडिटी’ म्हणून अंगावर काढण्याचे दुखणे नाही. पन्नाशीनंतर अचानक मधुमेह निघाला आणि वजनही झपाट्याने उतरत असेल, तर स्वादुपिंडाची तपासणी करून घ्यावी. कावीळ दिसली तर एक दिवसही थांबू नये.

दीड वर्षाचे अंतर

मंडालेहून परतल्यावर टिळकांनी विश्रांती घेतली नाही. १९१६ मध्ये होमरूल लीग स्थापन केली आणि लखनौ करार घडवून आणला. पुढे चिरोल खटल्यासाठी लंडन गाठले. १९१९ मध्ये खटला हरले, खर्चाचा डोंगर झाला. वयाची साठी उलटलेली आणि जोडीला मधुमेह; हा प्रवास त्यांनी कसा झेपवला, याचे नवल वाटते.

जुलै १९२० मध्ये मुंबईत ताप आला, त्याचा न्यूमोनिया झाला. मधुमेहात संसर्गाशी झुंजण्याची ताकद घटलेली असते आणि पेनिसिलिनचा शोध तर १९२८ चा. १ ऑगस्टला मध्यरात्रीनंतर सरदारगृहात त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्कार चौपाटीवर झाले.

१९२१ च्या उन्हाळ्यात कॅनडातील टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून अर्क काढू लागले. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला तो टोचला. तो पुरेसा शुद्ध नव्हता, फारसा गुण आला नाही. जेम्स कॉलिप यांनी तो आणखी शुद्ध केला. २३ जानेवारीला पुन्हा टोचल्यावर साखर उतरली. अंथरुणाला खिळलेला हा मुलगा त्यानंतर १३ वर्षे जगला.